वरची तारीख

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण विचारतो, "साडू काय म्हणतात तुमचे?" तो म्हणतो, "मजेत आहेत." विषय संपतो. आमच्या नानांचं मात्र तिथून सुरू व्हायचं. "शेवटचे कधी भेटलात?" समोरचा माणूस वरणात बट्टी चुरता चुरता थांबायचा. "दिवाळीत भेटलो होतो." "मग दिवाळीत मजेत होते असं म्हणा," नाना सांगायचे, आणि स्वतःची बट्टी चुरायला लागायचे. पुढच्या लग्नात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची.

मी त्यांच्याबरोबर सव्वादोन वर्षं काम केलं. त्यातले तीन महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना मी फार समजूतदार मुलगी होते असं कुणाला वाटायचं.

जळगावात एका ट्रस्टची रक्तदात्यांची यादी होती, ती नाना सांभाळायचे. ऑफिस म्हणजे डाळ मिलच्या गोडाऊनमागची एक खोली. टेबल, फोन, पंखा आणि सगळ्यांवर पिवळसर धुरळा. नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. तेव्हा नेहमीच्या गटांचं रक्त दवाखान्यांना कसंबसं मिळून जायचं, पण निगेटिव्ह गट म्हटला की बाटली नाही, माणूसच शोधावा लागायचा. तो माणूस राहतो कुठे, आज गावात आहे का, नुकतंच कुणाला रक्त देऊन बसला नाही ना, हे जिल्ह्यात एकाच ठिकाणी कळायचं, ते म्हणजे नानांच्या लाकडी खणांत. कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयातून आणलेले लांबट खण होते ते. त्यात नऊशेच्या वर कार्डं. प्रत्येकावर नाव, गट, पत्ता, असला तर फोन, नसला तर पीपी, म्हणजे निरोप देणाऱ्या शेजाऱ्याचा फोन. आणि सगळ्यांत खाली, पेन्सिलीनं, एक तारीख. त्या माणसाला शेवटचं कधी विचारलं, त्याची ती तारीख.

कुठलंही कार्ड चाळीस दिवस सुलटं उभं राहायचं. एक्केचाळिसाव्या दिवशी नाना ते उलटं करून ठेवायचे. फाडायचे नाहीत, काढायचे नाहीत, फक्त डोकं खाली. पुन्हा विचारपूस होऊन उत्तर आलं की तारीख खोडून नवी घालायची आणि कार्ड सुलटं. "चाळीसच का?" मी विचारलं होतं. म्हणाले, "वीस दिवसांनी विचारलं तर माणूस वैतागतो. साठ दिवसांनी विचारलं तर माणूस बदलून गेलेला असतो."

विचारण्यासाठी ते जोडकार्ड वापरायचे. दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली. एकावर प्रश्न, दुसऱ्यावर आपलाच पत्ता आधी लिहून ठेवलेला. समोरच्यानं उत्तर खरडायचं, फाडायचं आणि पेटीत टाकायचं. नानांच्या प्रत्येक कार्डावर वर तारीख असायची आणि तारखेपुढे वेळ. सकाळी नऊ दहा. दुपारी चार पाच. जणू पोस्टमन मिनिटाच्या हिशेबानं येणार होता.

नाना मूळचे धुळ्याचे. तिथल्या तारऑफिसातून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. ऑफिसात बोलणं अगदी स्वच्छ, पण चिडले किंवा खूष झाले की धुळ्याकडची अहिराणी बाहेर पडायची. त्यांच्या या खुळामागे काहीतरी दुःखद गोष्ट असणार याची मला खात्री होती. उशिरा पोचलेली एखादी तार, कुणाचं तरी शेवटचं तोंड न दिसणं, असं काहीतरी मी मनाशी जुळवूनही ठेवलं होतं. एकदा धीर करून विचारलंच. नानांनी चष्मा पुसला. "काही नही वं माय. तारना कागदवर टाइम लिखना पडे. तीस वरीस लिखा. सवय पडी गयी." बस, एवढंच. माझा भारीच हिरमोड झाला.

त्यांना वेळ विचारली तरी सरळ उत्तर नाही. "सकाळी रेडिओवर लावलं होतं घड्याळ, त्याप्रमाणे अकरा वीस." चहा प्यायला बाहेर गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले की पहिलं काम म्हणजे वरचा खण उघडून कार्डांवरून बोट फिरवणं. "नाना, पाच मिनिटांत काय बदलणार आहे?" "काही नाही बदललं," ते म्हणायचे. "पण हे आता बघितलं म्हणून म्हणतोय."

एका माणसाला एकाच वेळी दोघांनी विचारायचं नाही, हा त्यांचा आणखी एक कडक नियम. एकदा एका शिंप्याकडे दोन दवाखान्यांची दोन माणसं एकाच तासात जाऊन थडकली होती आणि त्यानं वैतागून दोघांनाही हाकलून दिलं होतं. तेव्हापासून कुणाची चौकशी सुरू असली की नाना त्याचं कार्ड खणात अर्धं वर ओढून ठेवायचे. अर्धं वर आलेलं कार्ड दिसलं की दुसऱ्यानं हात लावायचा नाही, पहिल्याला जे उत्तर येईल ते दोघांचं. आणि कुणी घाईनं दारात आला, आणि हाताशी उलटंच कार्ड असलं, तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचे नाहीत. पत्ता लगेच द्यायचे, पण बजावून. "हे जुनं आहे. तुम्ही निघा. मी इथून विचारत राहतो, काही वेगळं कळलं तर दवाखान्यात फोन करतो."

माझी आई असोद्याला बसून या गोष्टी ऐकायची आणि हसून हसून बेजार व्हायची. "तुमचा तो नाना आपल्या घरी जेवाले आला तं भाकरीले बी इचारीन, तव्यावरून कव्हा उतरली म्हून!"

मी असोद्याहून रोज बसनं यायचे. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आमच्या गल्लीतली पहिली मुलगी मी, आणि ते कुणी विसरू नये याची मी काळजी घ्यायचे. एका पाइप कारखान्यानं ट्रस्टला कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिला, आणि ते चालवायला मला घेतलं. सहा महिने बसून मी ती सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली. नाना शेजारी बसून एकेक कार्ड वाचून दाखवायचे. तोपर्यंत आमचं चांगलं चाललं होतं.

बिनसलं ते छापायच्या वेळी. प्रिंटरच्या कागदावर एका ओळीत ऐंशी अक्षरं मावायची. नाव, गट, पत्ता आणि फोन यांतच ओळ भरली. 'कधी विचारलं' ही तारीख बसेना. दोन ओळी कराव्यात तर यादी वाकडीतिकडी दिसत होती, आणि माझी पहिली यादी वाकडी दिसावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी तो रकाना छापण्यातून काढून टाकला. आमचे अध्यक्ष, डाळ मिलचे शेठ, यादी बघून खूष झाले. म्हणाले, "वर आजची तारीख टाक. मोठ्या अक्षरात. दवाखान्यांवर छाप पडली पाहिजे." मी टाकली. कॉम्प्युटरला ते एका ओळीचं काम. दर सोमवारी यादी छापायची, वर त्या सोमवारची तारीख, आणि प्रती जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या दवाखान्यांना पाठवायच्या. भिंतीवर लावायला.

पहिल्या सोमवारी नानांपुढे सहीला कागद ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"ही वरची तारीख खोटी आहे."

"खोटी कशी नाना? आजच छापली ना."

"छापली आज. विचारलं कधी?"

"ते कॉम्प्युटरात आहे सगळं. कागदावर मावत नाही."

"मग कागदावर तारीखच नको."

मी म्हटलं, शेठनीच सांगितलंय. नाना म्हणाले, शेठना डाळीतलं कळतं. मी म्हटलं, नाना, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळत नाही म्हणून तुम्ही असं बोलताय. त्यावर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण खोटं बोलतोय. जुनं खरं सांगणाऱ्याला तेही ठाऊक नसतं. तो छातीठोक सांगतो." आणि सही न करता कागद परत दिला.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. म्हाताऱ्याला खुर्ची जाण्याची भीती वाटतेय, असं मी घरी सांगितलं, आणि घरच्यांना ते पटलं. शेठ माझ्या बाजूला. मी दर सोमवारी यादी छापत होते, नाना आपल्या कोपऱ्यात जोडकार्डं लिहीत होते. नव्या आलेल्या आणि बदललेल्या कार्डांच्या नकला ते न बोलता माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवायचे. मी म्हणायचे, महिनाअखेरीला एकदम चढवू. महिनाअखेर यायची, जायची. पेपरवेट वर वर चढत होता.

त्याच दिवसांत माझ्या वहिनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, नववा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण तिचा गट निघाला बी निगेटिव्ह, म्हणून डॉक्टरांनी जळगावातच नाव घालायला लावलं. दादाला काळजी लागून राहिली होती. मी त्याला काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अरे, तीन नावं आहेत आपल्या यादीत बी निगेटिव्हची. यादी दवाखान्याच्या भिंतीलाच आहे. माझ्या ऑफिसात यायचीही गरज नाही." आई शेजारच्यांना सांगत सुटली की आमच्या पोरीच्या कॉम्प्युटरात सगळ्या जिल्ह्याचं रक्त आहे. मला ते ऐकून बरं वाटायचं. नानांना मात्र मी वहिनीबद्दल काही सांगितलं नव्हतं. बोलतच नव्हते ना मी.

एका बुधवारी सकाळी बाळंतपण झालं. मुलगी. बाळ चांगलं होतं, पण वहिनीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी दादाला सांगितलं, बी निगेटिव्ह ताबडतोब आणा. दादानं भिंतीवरची यादी काढली. वर सोमवारची तारीख, म्हणजे अवघी दोन दिवसांपूर्वीची. पहिलं नाव जळगावातल्याच एका दुकानदाराचं. दादा तिथे गेला तर कुलूप. माणूस पंधरवड्यापासून सुरतेला मुलीकडे. दुसरं नाव धुळ्याचं. फोन लागला, माणूस भेटला, पण त्यानं वीस दिवसांपूर्वीच आपल्या मामाच्या ऑपरेशनला रक्त दिलेलं. तिसरं नाव भुसावळचं, रेल्वे कॉलनीतलं, पण पीपी नंबर नुसताच वाजत होता. दादानं मोटारसायकल काढली आणि भुसावळ गाठलं.

अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन वाजला. तोवर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पुढच्या सोमवारच्या यादीचा मथळा नीट मधोमध आणत बसले होते.

"अवं, तो माणूस अठी नही," दादा पलीकडून ओरडत होता. "चार महिने झाले म्हणे त्याची बदली व्हईसन! क्वार्टरमध्ये दुसरेच लोक राह्यतात. तुही वहिनी तिकडे मराले टेकली, आन ही यादी... कव्हाची हाये वं ही यादी?"

कव्हाची हाये. मी रिसीव्हर धरून नानांकडे बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या हातातून फोन घेतला. "गट?" त्यांनी दादाला विचारलं. ऐकलं. "परत फिरा. दवाखान्यात थांबा. माणूस मी पाठवतो. तुम्ही आता कुणाच्या मागे धावू नका." फोन ठेवला आणि खण ओढला. बी निगेटिव्हची चार कार्डं होती. तीन उलटी. चौथं सुलटं.

चौथा माणूस असोद्याचा होता. आमच्या घरापासून चौथ्या गल्लीतला केळीवाला शेतकरी. दीड महिन्यापूर्वी शाळेतल्या गटतपासणीच्या शिबिरात नानांना सापडला होता, आणि त्याला विचारून नऊच दिवस झाले होते. त्याच्या कार्डाची नक्कल माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडलेली होती.

नानांनी असोद्याच्या दूध डेअरीला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तो तं केळीच्या वावरात गेला सकायपासून. गाडी भराले लागली त्याची."

"तू सोता देखं का, का कोनी सांगं?" नानांनी विचारलं. चिडले नव्हते, घाबरले होते. अहिराणी तेव्हाही बाहेर पडायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्या सोता पाह्यलं ना नाना. आत्ता गेलो व्हतो तिकून."

"मग जाय. त्याला जसा असेल तसा आण. केळी राहू दे."

पाऊण तासानं तो माणूस दवाखान्याच्या दारात मोटारसायकलवरून उतरला. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, पायाला चिखल. हात धुतले आणि निमूट कॉटवर आडवा झाला. तपासण्या होऊन रक्त चढायला एक वाजून गेला. मी आणि नाना व्हरांड्यात उभे होतो. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

वहिनी वाचली. पण तिची गर्भपिशवी काढावी लागली. डॉक्टर आतल्या नर्सला बोलता बोलता म्हणाले, "हेच रक्त दोन तास आधी मिळतं तर पिशवी राहिली असती." व्हरांड्यात ते दोघांनीच ऐकलं. मी आणि नानांनी.

घरच्यांनी ऐकलेली गोष्ट वेगळीच होती. तीन माणसं भेटली नाहीत, रेल्वेनं एकाची बदली केली, आणि ऐन वेळी आमच्या पोरीनं ऑफिसातून फोन फिरवून गावातलाच माणूस उभा केला. आईनं माझी दृष्ट काढली. दादानं ऑफिसात पेढे आणले. नानांनी एक पेढा घेतला, तोंडात टाकला आणि पुढचं जोडकार्ड लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते.

"घरी सांगितलं का?"

"काय सांगायचं?"

"वरची तारीख."

मी म्हटलं, नाही. ते बरं म्हणाले आणि कामाला लागले. रागावले नाहीत, उपदेश केला नाही. त्या दिवशी मी पेपरवेटखालची सगळी कार्डं चढवली आणि यादी नव्यानं बांधली. पत्ता दुसऱ्या ओळीत, नावापुढे 'कधी विचारलं', आणि चाळीस दिवस उलटले असले तर ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. वरची तारीख काढून टाकली. यादी वाकडीतिकडी दिसत होती. शेठ कुरकुरले. नानांनी ती दोनदा वाचली, खिशातून पेन काढलं आणि सही केली.

मग चाळीस दिवसांनी, डबा खाता खाता, पुन्हा विचारलं. "घरी सांगितलं का?" नाही. आणखी चाळीस दिवसांनी पुन्हा. तोच प्रश्न, तोच आवाज, जसा कुणा रक्तदात्याला विचारावा. मी चिडून म्हटलं, "नाना, झालं गेलं. आता सांगून कुणाचं काय भलं होणार?" ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. मी फक्त सांगितलं का ते विचारतोय."

वर्षभरानं त्यांची दृष्टी कमी झाली आणि ते धुळ्याला पुतण्याकडे राहायला गेले. माझं लग्न झालं, जळगावातच. मला वाटलं, सुटले. सव्वा महिन्यानं सासरच्या पत्त्यावर जोडकार्ड आलं. वर तारीख, पुढे सकाळी नऊ दहा, आणि खाली एकच ओळ. "घरी सांगितलं का?" जोडलेल्या कोऱ्या कार्डावर धुळ्याचा पत्ता. मी उत्तरात "नाही" लिहिलं आणि टाकलं. तीन वर्षं हे चाललं. अक्षर मोठं मोठं होत गेलं, ओळी तिरक्या व्हायला लागल्या, पण कार्ड चुकलं नाही. माझ्या नवऱ्याला वाटायचं, हे एखाद्या भिशीचं काहीतरी असणार.

इकडे वहिनीला काय काय ऐकावं लागत होतं ते मी बघत होते. एकच, तीही मुलगी. बाया हळहळायच्या, आणि हळहळून झाल्यावर पुन्हा तेच विचारायच्या. वहिनी प्रत्येकीला सांगायची, "जीव वाचला हे काय कमी हाये? आमच्या ताई होत्या म्हून मी अठी बसेल हाये." ती हे बोलली की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. एका दुपारी ती कच्ची केळी किसून वेफर तळत होती, मी शेजारी बसले होते, आणि भेटायला आलेल्या एका बाईला तिनं हेच पुन्हा ऐकवलं होतं. बाई उंबऱ्याबाहेर पडली आणि मी सांगून टाकलं. रकाना, वरची तारीख, पेपरवेट, व्हरांड्यात ऐकलेलं वाक्य. सगळं.

वहिनीनं कढईतला घाणा काढला, दुसरा टाकला. मग विचारलं, "हे तुमाले कव्हा कयलं?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"आन सांगता आज." ती झारा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "चार वर्षं मी साऱ्या गावाले तुमचं नाव सांगत फिरली, ताई. तुमी आयकत व्हत्या ना?"

मी मान खाली घातली. ती कढईकडे वळली आणि घाणा हलवायला लागली. निघताना वेफरची पिशवी मात्र नेहमीसारखी बांधून माझ्या हातात दिली, माझ्याकडे न बघता.

पुढचं जोडकार्ड आलं तेव्हा मी लिहिलं, "सांगितलं. रागावली आहे." आणि पेटीत टाकून दिलं. वाटलं, आता नाना सोडतील. असोद्याला जाणं मी बंद केलं. कसल्या तोंडानं जायचं? आईचे निरोप यायचे, मी कामाचं निमित्त सांगायचे. ती रागावली आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

चाळीस दिवसांनी कार्ड आलंच. अक्षर आता पार वेडंवाकडं, एकेक ओळ कार्डाबाहेर जाऊ बघणारी. वर तारीख, सकाळी नऊ दहा. खाली लिहिलं होतं, "रागावली आहे, ही माहिती कधीची?"

मी ते कार्ड पर्समध्ये टाकलं आणि असोद्याची बस धरली.

वहिनी ओट्यावर धान्य पाखडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं. "या," म्हणाली. मी काय बोलायचं ते बसमध्ये घोकून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. सरळ कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "धुळ्याहून नानांचं आलंय. उत्तर मला येत नाही."

तिनं ते वाचलं. पदराला हात पुसले आणि पेन मागितलं. वहिनी दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. कोऱ्या कार्डावर तिनं लिहिलं, "राग गेला. कधी गेला ते लक्षात नाही. ताई आल्याच नाहीत, म्हणून सांगायचं राहिलं." मग कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

वर तारीख आणि वेळ तेवढी मी घातली. दुपारी बारा चाळीस. दवाखान्यांच्या भिंतींवर इतक्या तारखा लावल्या मी, पण खात्रीनं खरी म्हणावी अशी हीच.